आत राहिलेले रेडियम : हेन्रिएटा लॅक्सच्या चरित्रातील उपचाराचे वाचन

प्रास्ताविक

रिबेका स्क्लूट यांचा ‘द इम्मॉर्टल लाइफ ऑफ हेन्रिएटा लॅक्स’ हा ग्रंथ २०१० साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. जीवशास्त्र, कायदा, समाजशास्त्र, नीतिशास्त्र आणि साहित्य अशा परस्परांपासून दूर असलेल्या विद्याशाखांनी एकाच वेळी आपला मानलेला असा ग्रंथ विरळाच. बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात १९५१ साली गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर उपचार घेणाऱ्या एका कृष्णवर्णीय स्त्रीच्या गाठीतून तिच्या नकळत पेशी घेतल्या गेल्या. त्या पेशी प्रयोगशाळेत वाढत राहिल्या. ‘हेला’ या नावाने जगभर गेल्या. आणि त्या स्त्रीच्या कुटुंबाला मात्र दोन दशकांहून अधिक काळ याची गंधवार्ताही नव्हती. या कथेतील अन्यायाची चर्चा आता भरपूर झालेली आहे. त्या चर्चेची आवश्यकता कोणी नाकारणार नाही.

तथापि या चर्चेत एक गोष्ट सातत्याने मागे पडलेली दिसते. हेन्रिएटा लॅक्स ही रुग्णालयात गेली होती ती पेशी देण्यासाठी नव्हे, उपचारासाठी. तिच्यावर झालेला उपचार म्हणजे गर्भाशयमुखात रेडियम ठेवून केलेला अंतर्गत किरणोपचार होय. पुढे ज्याला ब्रॅकीथेरपी हे नाव रूढ झाले, त्याचेच ते तत्कालीन रूप. या उपचाराचे चित्रण ग्रंथात कसे होते, त्याला कथनात कोणते स्थान मिळते आणि त्या स्थानामुळे संमतीच्या प्रश्नाचा आकार कसा बदलतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

एक टेबल, दोन कृती

ग्रंथाचे तीन भाग आहेत : जीवन, मृत्यू आणि अमरत्व. उपचाराचा प्रसंग पहिल्या भागात, निदानानंतर लगेच येतो. फेब्रुवारी १९५१ मध्ये हेन्रिएटाला कृष्णवर्णीयांसाठी राखून ठेवलेल्या कक्षात दाखल करण्यात आले. शस्त्रक्रियागृहात तिला भूल देण्यात आली. कामावर असलेल्या डॉक्टरांनी प्रथम गर्भाशयमुखाचे दोन लहान तुकडे काढले, एक गाठीचा आणि एक निरोगी भागाचा. त्यानंतर त्यांनी रेडियमची नळी गर्भाशयमुखात सरकवून टाक्यांनी पक्की केली, बाहेरच्या बाजूला रेडियमची पट्टिका शिवली, तिच्यालगत आणखी एक ठेवली आणि सर्व जागच्या जागी राहावे म्हणून योनिमार्गात गॉझच्या गुंडाळ्या भरल्या.

स्क्लूट यांनी हा प्रसंग अत्यंत संयमाने लिहिला आहे. कोणतेही विशेषण न लावता, हाताच्या हालचाली एकामागून एक नोंदवीत त्या जातात. एकाच टेबलावर, एकाच भुलेत, त्याच हातांनी दोन कृती झाल्या. एका कृतीने स्त्रीच्या शरीरातून काही काढून घेतले, दुसरीने तिच्या शरीरात काही ठेवले. पहिली तिच्यासाठी नव्हती, दुसरी तिच्यासाठी होती. प्रकरणाच्या अखेरीस रुग्णपत्रिकेतील दोन नोंदी शेजारी शेजारी येतात : रुग्णाने प्रक्रिया चांगली सहन केली ही एक, आणि ऊतींचा नमुना डॉ. जॉर्ज गाय यांच्याकडे दिला ही दुसरी, तीही वेगळ्या पानावर.

येथून पुढे कथन नमुन्याबरोबर चालू लागते. पुढील प्रकरण गाय यांच्या प्रयोगशाळेत उघडते. मेरी क्युबिसेक ही साहाय्यक तुकडे कापते, नळ्यांवर खुणा करते, आणि काही दिवसांत पेशी वाढू लागतात. वाचकाची उत्कंठा त्या नळ्यांकडे वळविली जाते. रेडियम मात्र स्त्रीच्या देहात आहे आणि आपले काम करीत आहे. तिच्या खाटेजवळ त्या तासांत काय घडले, तिला काय वाटले, याबद्दल ग्रंथ जवळपास मौन पाळतो. या मौनाचे एक कारण उघड आहे. पेशींच्या प्रवासाचे दस्तऐवज आहेत; खाटेवर पडलेल्या स्त्रीचे नाहीत. हेन्रिएटाने पत्रे वा दैनंदिनी मागे ठेवली नाही. लेखिकेने जे सापडले नाही ते कल्पनेने भरले नाही, हा तिचा प्रामाणिकपणाच म्हटला पाहिजे. पण कागदपत्रे जिकडे नेतात तिकडे कथा जाते, आणि कागदपत्रे नेहमी संस्थेच्या सोयीने तयार होतात, ही बाब अशा मौनातून ठळक होते.

रेडियमची प्रतिमा

रेडियमविषयी ग्रंथात जे थोडे विवेचन आहे ते दुहेरी स्वरूपाचे आहे. एकीकडे रेडियमच्या आरंभीच्या काळातील बेफिकिरीचे, त्याने जाळलेल्या आणि मारलेल्या माणसांचे वर्णन येते. हॉपकिन्सचे शल्यविशारद हॉवर्ड केली यांनी क्युरी दांपत्याची भेट घेऊन रेडियम खिशात घालून अमेरिकेत आणल्याची हकीकत येते. दुसरीकडे, १९४०च्या दशकापर्यंत पसरणाऱ्या गर्भाशयमुख-कर्करोगात रेडियम हे शस्त्रक्रियेपेक्षा अधिक सुरक्षित आणि परिणामकारक ठरल्याचेही लेखिका स्पष्टपणे सांगते. म्हणजे माहिती अपुरी आहे असे नाही. मात्र दोन्ही बाजूंचे वजन सारखे पडत नाही. खिशातल्या रेडियमची हकीकत वाचकाच्या स्मरणात राहते; परिणामकारकतेचे विधान एका वाक्यात येऊन जाते.

वस्तुतः या उपचाराचा इतिहास त्याच्या तर्कासह सांगण्यासारखा आहे. १९०३ साली न्यूयॉर्कमध्ये मार्गारेट क्लीव्ह्ज या स्त्री-डॉक्टरने शस्त्रक्रियेपलीकडे गेलेल्या गर्भाशयमुख-कर्करोगाच्या रुग्णावर रेडियमचा अंतर्गत प्रयोग केला होता. पुढील काळात स्टॉकहोम आणि पॅरिस येथे या उपचाराच्या दोन स्वतंत्र पद्धती विकसित झाल्या, आणि १९३८ साली मँचेस्टरमध्ये टॉड आणि मेरिडिथ यांनी मात्रा मोजण्यासाठी गर्भाशयमुखालगतचा एक बिंदू निश्चित केला. त्याआधी मात्रा ‘मिलिग्रॅम-तास’ या एककात सांगितली जात असे, म्हणजे किती रेडियम किती वेळ ठेवले एवढेच. मँचेस्टर पद्धतीने प्रथमच विचारले, की शरीरातल्या अमुक ठिकाणी नेमके किती किरण पोहोचले? ‘बिंदू अ’ हा शब्द आजही या शास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या तोंडी आहे.

यामागील तत्त्व साधे आहे. ‘ब्रॅकी’ या ग्रीक मूळ शब्दाचा अर्थ आखूड, म्हणजे येथे जवळचे. किरणोत्सारी स्रोतापासूनचे अंतर दुप्पट झाले की मात्रा साधारण एकचतुर्थांशावर येते. स्रोत गाठीला चिकटून असेल तर गाठीला प्रचंड मात्रा मिळते आणि काही सेंटिमीटरवर असलेल्या मूत्राशयाला व गुदाशयाला त्या मानाने बरीच कमी. बाहेरून सोडलेल्या किरणांना वाटेतल्या सर्व अवयवांतून जावे लागते. त्यामुळे मोठ्या गाठीला लागणारी मात्रा केवळ बाहेरून देणे कठीण जाते. गर्भाशयमुखाजवळ पोहोचण्यासाठी शरीराने स्वतःच मार्ग ठेवलेला आहे, म्हणूनच हा उपचार येथे एवढा यशस्वी ठरला.

परंतु हीच मर्यादाही आहे. जे जवळ आहे तेच रेडियमच्या आवाक्यात येते. हेन्रिएटाच्या बाबतीत दुसऱ्या रेडियम-उपचारानंतर गाठ दिसेनाशी झाली होती, आणि तरीही काही महिन्यांत आजार उदरपोकळीभर पसरला. या विस्ताराला रेडियम गाठू शकत नव्हते. ४ ऑक्टोबर १९५१ रोजी वयाच्या ३१व्या वर्षी तिचे निधन झाले. तिचे मूळ निदान पुढे चुकीचे ठरले. १९७०च्या सुमारास जुन्या काचपट्ट्या पुन्हा तपासल्या असता तो ग्रंथी-पेशींतून उद्भवलेला कर्करोग असल्याचे आढळले. या चुकीमुळे उपचार बदलला नसता, कारण त्या काळी दोन्ही प्रकारांवर किरणोपचारच दिला जात असे, हे ग्रंथात नमूद आहे. तेव्हा उपचार त्या काळच्या सर्वमान्य पद्धतीचा होता आणि तो निष्फळ झाला, ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत. ग्रंथ ती दोन्ही करतो. परंतु वाचन संपताना पहिले विधान विस्मरणात जाते.

काळेपणाचे रूपक

याचे कारण शोधताना ग्रंथातील सर्वांत प्रभावी रूपकाकडे वळावे लागते. रेडियमनंतर हेन्रिएटाला महिनाभर रोज क्ष-किरणांचा बाह्य उपचार देण्यात आला. तोपर्यंत तिने आजार बहुतेकांपासून लपविला होता. रुग्णालयातून परत नेणारे कोणी हवे म्हणून तिला मार्गारेट आणि सेडी या चुलत बहिणींना सांगणे भाग पडले. पोटावरची कातडी किरणांनी काळी पडलेली ती त्यांना दाखविते, आणि आत काळेपणा पसरत असल्याचे आपल्या बोलीत सांगते. हे तिचे बोलच एका प्रकरणाला शीर्षक म्हणून येतात.

साहित्यदृष्ट्या ही निवड बिनतोड आहे. जळलेली कातडी, शरीरात वाढणारा रोग आणि ज्या वर्णामुळे तिला वेगळ्या कक्षात झोपावे लागले तो वर्ण, हे तिन्ही एका शब्दात येऊन मिळतात. मात्र शास्त्रदृष्ट्या या तिन्ही गोष्टी वेगळ्या आहेत, आणि रूपक त्यांना वेगळे राहू देत नाही. कातडीवरचा दाह हा बाहेरून दिलेल्या क्ष-किरणांचा परिणाम. त्या काळातील बहुतेक यंत्रांची ऊर्जा कमी असल्याने सर्वाधिक मात्रा त्वचेवरच पडत असे. कोबाल्ट-६० वापरून खोलवर किरण पोहोचविणाऱ्या यंत्राचा पहिला उपचार कॅनडातील लंडन या शहरात झाला तो २७ ऑक्टोबर १९५१ रोजी, म्हणजे हेन्रिएटाच्या मृत्यूनंतर तीन आठवड्यांनी. अंतर्गत उपचाराने तिची कातडी जळाली नव्हती. तरीही वाचकाच्या मनात ‘किरण’ म्हटले की त्या काळ्या पोटाचे चित्र उभे राहते, आणि आतले रेडियम त्याच चित्रात विरून जाते. बाह्य उपचाराला डोळ्यांना दिसेल असा व्रण असतो. अंतर्गत उपचाराला तसा नसतो. दिसणाऱ्या व्रणाने न दिसणाऱ्या उपचाराची जागा घेणे ही केवळ या ग्रंथाची अडचण नाही, पण या ग्रंथात ती ठळकपणे जाणवते.

दुसरी संमती

संमतीच्या संदर्भात ग्रंथ ज्या प्रश्नासाठी ओळखला जातो तो पेशींचा आहे. सार्वजनिक कक्षातील रुग्णांवर मोफत उपचार होतात, तेव्हा त्यांचा संशोधनासाठी उपयोग करणे ही एक प्रकारची परतफेड होय, अशी रिचर्ड टेलिंड यांच्यासह तत्कालीन अनेक डॉक्टरांची धारणा स्क्लूट यांनी नोंदविली आहे. टेलिंड यांचे संशोधन त्याच रोगाचे निदान लवकर व्हावे यासाठी होते, हेही त्यांनी दडविलेले नाही.

परंतु ग्रंथात संमतीचा दुसराही एक प्रसंग आहे. उपचारानंतर आपल्याला पुन्हा मूल होणार नाही हे हेन्रिएटाला कळते. त्या काळी कर्करोगाच्या उपचारापूर्वी वंध्यत्वाची कल्पना रुग्णाला देण्याची हॉपकिन्समध्ये प्रथा होती. हेन्रिएटाला ती दिली गेली नाही, वा तिच्यापर्यंत पोहोचली नाही. आधी कळले असते तर आपण हा उपचार घेतलाच नसता, असे तिने सांगितल्याची नोंद तिच्या रुग्णपत्रिकेत आहे. ती पाच मुलांची आई होती आणि धाकटा मुलगा अवघ्या काही महिन्यांचा होता.

या एका नोंदीत जे आहे ते संपूर्ण पेशी-प्रकरणाहून कमी महत्त्वाचे नाही. पेशी घेतल्या गेल्या तेव्हा हेन्रिएटाला त्याची जाणीव नव्हती. म्हणून त्याविषयी तिचे मत काय झाले असते हे कोणालाच सांगता येणार नाही. तिची मुले आणि तिचे चरित्रकार तिच्या वतीने बोलतात. वंध्यत्वाच्या बाबतीत मात्र ती स्वतः बोलली आहे आणि ते नोंदवलेही गेले आहे. सबंध ग्रंथात उपचाराविषयी तिचे स्वतःचे स्पष्ट मत कोठे असेल तर ते येथे. आणि हे मत सोयीचे नाही. तिला योग्य कल्पना दिली असती तर तिने कदाचित त्या काळचा सर्वांत परिणामकारक उपचार नाकारला असता. नीतिशास्त्रात संमतीचा खरा कस लागतो तो अशाच ठिकाणी, जेथे रुग्णाचा निर्णय वैद्यकाच्या हिताच्या कल्पनेशी जुळत नाही. स्क्लूट या प्रसंगावर फार काळ थांबत नाहीत. ग्रंथाच्या पुढील सुमारे दोनतृतीयांश भागात डेबोरा या मुलीच्या शोधयात्रेने आणि पेशींच्या व्यापाराने तो झाकून जातो. २०१७ साली जॉर्ज सी. वुल्फ यांनी दिग्दर्शित केलेल्या चित्रपटात तर डेबोराच केंद्रस्थानी आहे. ओप्रा विन्फ्री यांचा अभिनय ताकदीचा असला तरी हेन्रिएटा रुग्ण म्हणून तेथे आणखी दूर जाते.

वाचकाच्या बाजूने

हा आक्षेप केवळ ग्रंथाच्या रचनेपुरता राहिला असता तर त्याला फारसे महत्त्व देण्याचे कारण नव्हते. पण हा ग्रंथ ज्या वाचकांपर्यंत पोहोचतो, त्यांच्या भोवतालच्या स्त्रियांना हा रोग आजही होतो. भारतात तो बरेचदा पुढच्या टप्प्यात लक्षात येतो, आणि अशा टप्प्यात अंतर्गत किरणोपचाराला पर्याय म्हणता येईल असे काही अद्याप हाती आलेले नाही. अमेरिकेतील कर्करोग-नोंदणीच्या आधारे २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले, की ब्रॅकीथेरपी मिळणाऱ्या रुग्णांचे प्रमाण १९८८ मधील ८३ टक्क्यांवरून २००९ मध्ये ५८ टक्क्यांवर आले होते, आणि ज्यांना ती मिळाली त्यांचे आयुर्मान अधिक होते. बाह्य किरणोपचाराची यंत्रे अधिकाधिक अचूक होत असताना ही घसरण झाली, हे विशेष. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात २००३ ते २०११ या काळात तिसऱ्या ‘ब’ टप्प्यातील ८५० स्त्रियांवर झालेल्या चाचणीत किरणोपचाराला सिस्प्लॅटिन या औषधाची जोड दिल्यावर पाच वर्षांनी हयात असणाऱ्यांचे प्रमाण ४६ वरून ५४ टक्क्यांवर गेले. तिचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. औषध ही नवी जोड होती. दोन्ही गटांतील किरणोपचारात बाह्य आणि अंतर्गत असे दोन्ही भाग होतेच.

रेडियम आता या उपचारातून गेले आहे. त्याची जागा सीझियमने, पुढे बहुतांशी इरिडियम-१९२ आणि कोबाल्ट-६० यांनी घेतली. प्रथम रिकाम्या नळ्या बसवायच्या आणि स्रोत नंतर यंत्राने दुरून आत पाठवायचा, या पद्धतीमुळे डॉक्टर आणि परिचारिकांना होणारा किरणसंसर्ग टळला. जे तास-दिवस लागत ते काम आता एका बैठकीत काही मिनिटांत होते. तथापि नळ्या बसविताना होणारा त्रास, पाय उंचावून निश्चल पडून राहणे, देहाच्या अत्यंत खाजगी भागावर अनोळखी हात, हे अनुभव फारसे बदललेले नाहीत. मराठी बोलीत किरणोपचाराला ‘शेक’ म्हणण्याची पद्धत आहे. बाह्य उपचाराला हा शब्द शोभून दिसतो. आतल्या उपचाराला तो अगदीच अपुरा आहे, आणि दुसरा घरगुती शब्द तयार झालेला नाही. बाहेरचा ‘शेक’ संपता संपता रक्तस्राव बहुधा थांबतो, बरे वाटू लागते, आणि उपचाराचा निर्णायक भाग अजून बाकी आहे हे रुग्णाला पटवून द्यावे लागते. संपूर्ण उपचार साधारण आठ आठवड्यांच्या आत पुरा व्हावा, असा संकेत आहे. या वळणावर भीतीला फार मोठी जागा असते.

अशा वेळी किरणोपचाराची जी प्रतिमा सुशिक्षित वाचकाच्या मनात असते ती निरुपद्रवी राहत नाही. शिक्षिका, समुपदेशक, कार्यालयातील सहकारी, घरातील शिकलेली मुलगी यांच्याकडेच रुग्ण सल्ला मागते. त्यांनी ‘हेन्रिएटा लॅक्स’ वाचले असेल, तर रुग्णालयाबद्दलचा रास्त संशय त्यांच्यापाशी असेल. रेडियमने काय साधले आणि ते कोठे थांबले, हे मात्र त्यांना बहुधा आठवणार नाही. १९८०च्या दशकात हॅराल्ड झुर हाउझेन यांच्या गटाने हेला पेशींत मानवी पॅपिलोमा विषाणूचा अठरावा प्रकार शोधला, हाउझेन यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले, आणि २०२३ च्या जानेवारीत पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने याच प्रकारासह चार प्रकारांवरील ‘सर्व्हाव्हॅक’ ही लस आणली, हा धागा आवर्जून सांगितला जातो आणि तो सांगण्यासारखाच आहे. मात्र लस ही पुढच्या पिढीसाठी आहे. ज्यांना आजार आधीच झाला आहे त्यांचा संबंध त्या टेबलावरील दुसऱ्या कृतीशी आहे.

ग्रंथाच्या बाजूने एवढे नमूद केले पाहिजे, की या वाचनाला लागणारी बहुतेक सामग्री त्याच्यातच उपलब्ध आहे. रुग्णपत्रिकेतील नोंदी, रेडियमच्या परिणामकारकतेचे विधान, निदानातील चूक, वंध्यत्वाची नोंद, यांतले काहीही लेखिकेने वगळलेले नाही. प्रश्न मांडणीतील वजनाचा आहे, आणि त्या वजनाचे परिणाम ग्रंथाबाहेरही दिसतात. लॅक्स कुटुंबीयांनी २०२१ मध्ये थर्मो फिशर सायंटिफिक या कंपनीविरुद्ध दावा दाखल केला. ऑगस्ट २०२३ मध्ये त्यात समेट झाला आणि त्याच्या अटी गोपनीय ठेवण्यात आल्या. दाव्याचा विषय पेशींच्या विक्रीतून कंपनीला झालेला लाभ हा होता. उपचारापूर्वी काय सांगितले गेले आणि काय नाही, हा प्रश्न त्या दाव्याच्या कक्षेत नव्हता. त्याविषयीची हेन्रिएटाची नोंद रुग्णपत्रिकेतच राहिली.